पिवळी शेणमाशी नक्की कशी ओळखायची: पंखांपासून जातीपर्यंत

ताज्या शेणाच्या पोवर सोनेरी, लवदार माशी बसलेली दिसली की नवखा माणूस लगेच म्हणतो, "ही पिवळी शेणमाशी." थंड प्रदेशातल्या कुरणात हा अंदाज बरेचदा खराही ठरतो. पण तीच माशी हातात देऊन "कशावरून?" असं विचारलं, तर "पिवळी आहे, शेणावर होती" याच्या पुढे गाडी सरकत नाही. या दोन्ही खुणा लंगड्या आहेत. शेणावर डझनावारी प्रकारच्या माश्या येतात आणि पिवळेपणा तर एकाच जातीत नराला असतो, मादीला फारसा नसतो.

म्हणून हा लेख अंगाच्या रचनेवरून ओळख कशी पटवायची याबद्दल आहे. क्रम महत्त्वाचा आहे. पंख, स्पर्शिका, शिरा आणि राठ केस आधी बघायचे, रंग आणि आकार सगळ्यात शेवटी. नवीन माणूस नेमका उलट जातो आणि फसतो.

आपल्याला गाठायचं आहे ते नाव स्कॅथोफॅगा स्टर्कोरारिया. स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियसने १७५८ साली या माशीला नाव दिलं तेव्हा तिला घरमाशीच्या मुस्का प्रजातीतच बसवलं होतं. स्कॅथोफॅगा ही वेगळी प्रजाती जर्मन कीटकतज्ज्ञ मायगेनने १८०३ मध्ये केली. ग्रीकमध्ये या नावाचा अर्थ शेण खाणारी, आणि लॅटिनमध्ये स्टर्कस म्हणजेही शेण. नावात दोनदा शेण असलं तरी प्रौढ माशी शेण खात नाही. शेण खातात तिच्या अळ्या. प्रौढ माशी शिकारी आहे, दुसऱ्या माश्या पकडून त्यांचा रस शोषते, जोडीला फुलांवरचा मधही घेते. हे लक्षात असू द्या, कारण तोंडाची रचना बघताना त्याचा उपयोग होतो.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात "कुल" म्हणजे मोठं कुटुंब, त्याच्या आत "प्रजाती" आणि प्रजातीच्या आत "जाती". बोलताना आपण प्रजाती आणि जाती यांची सरमिसळ करतो, इथे ती केली तर पुढचं सगळं गोंधळाचं होईल.

माशी मिळवणं आणि हाताळणं

ही थंड हवेतली माशी आहे. उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण भागात ती विपुल असते. कडक उन्हाळा तिला सोसत नाही, त्यामुळे जिथे उन्हाळा तापतो तिथे वसंतात आणि शरदात तिचे थवे दिसतात आणि मधल्या काळात ती जवळजवळ गायब होते. उष्ण मैदानी भागात शेणावर दुसऱ्याच कुलांच्या माश्या भेटतील. तरी खालच्या पायऱ्या तिथेही कामाच्या आहेत, कारण "ही ती नाही" हे त्याच खुणांवरून सांगता येतं.

शेण जितकं ताजं तितक्या माश्या जास्त. शेण पडल्यावर काही मिनिटांत नर जमू लागतात, पोवर आणि आजूबाजूच्या गवतावर बसून माद्यांची वाट पाहतात. तुमची सावली पोवर पडली की सगळा थवा उडतो, म्हणून सूर्य समोर ठेवून, खाली वाकून, सावकाश जा. रुंद तोंडाची पारदर्शक बरणी अलगद वरून ठेवली की माशी आपोआप वर चढते, मग झाकण सरकवायचं. हातमोजे घाला आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा, यात हयगय नको.

माशी मारायची गरज दरवेळी नसते. बरणी काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की माशी गारठते आणि भिंगाखाली शांत राहते. फोटो घेऊन सोडून द्या. जातीपर्यंत खात्री हवी असेल तर मात्र नमुना ठेवावा लागतो. तो टाचणीवर लावताना टाचणी वक्षाच्या बरोबर मध्यातून घालू नका, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडून घाला. माशीच्या पाठीवरचे राठ केस डावी-उजवीकडे जोडीजोडीने असतात. एका बाजूचे टाचणीने मोडले तरी दुसरी बाजू शाबूत राहते. अल्कोहोलमध्ये बुडवलेली माशी या कामाला अडचणीची असते, कारण लव चिकटून बसते आणि अंगावरची राखाडी भुकटीसारखी झाक दिसेनाशी होते. अशी माशी पूर्ण वाळवून मगच बघा.

साधनं म्हणाल तर दहा पट भिंगावर अर्धा रस्ता पार होतो. उरलेल्या अर्ध्यासाठी वीस ते चाळीस पट दाखवणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो. दिवा वरून न लावता बाजूने, तिरपा लावा. तिरप्या उजेडात प्रत्येक राठ केसाची सावली पडते आणि मोजणी सोपी होते.

आधी पंख मोजा

हास्यास्पद वाटेल, पण इथूनच सुरुवात करा. लवदार पिवळा कीटक मधमाशीच्या नात्यातलाही असू शकतो. खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक देठांवर टाचणीच्या डोक्यासारखे गोळे असतात, त्यांना संतोलक म्हणतात. उडताना तोल सांभाळायचं काम ते करतात. संतोलक दिसले की माशी पक्की.

आता स्पर्शिका बघा. डासासारख्या लांब, अनेक मण्यांच्या असतील तर ही आपली माशी नाही. आपल्याला हव्यात आखूड, खाली लोंबणाऱ्या, तीन भागांच्या स्पर्शिका. तिसरा भाग सगळ्यात मोठा, आणि त्याच्या पाठीवरून निघालेला एक लांब केस. या केसाला अरिस्टा म्हणतात. शेवटच्या पायरीवर आपण याच केसाकडे परत येणार आहोत.

स्पर्शिकांच्या वर कपाळावर उलट्या यू आकाराची बारीक चीर दिसेल. माशी कोशातून बाहेर पडते तेव्हा डोक्यातून एक मऊ फुगा याच चिरेतून बाहेर येतो आणि कोशाचं टोपण ढकलतो. नंतर तो आत जातो आणि चीर तेवढी उरते. एखाद्या माशीचं कपाळ फुगलेलं, अंग फिकट आणि पंख चुरगळलेले दिसले तर ती नुकतीच बाहेर पडली आहे. तिचा रंग अजून धरलेला नसतो, अशा माशीवरून काहीही ठरवू नका.

मग स्पर्शिकेचा दुसरा भाग, म्हणजे मोठ्या भागाच्या वरचा छोटा तुकडा, वरच्या बाजूने बघा. त्यावर शिवण घातल्यासारखी उभी चीर असेल तर माशी कॅलिप्ट्रेट या मोठ्या गटातली. घरमाशी, निळी-हिरवी मांसमाशी आणि आपली शेणमाशी, सगळ्या याच गटात येतात. ही शिवण दिसायला पहिल्यांदा वेळ लागतो. डोकं किंचित फिरवत राहा, उजेड एका कोनात आला की ती एकदम उमटते. एकदा डोळ्याला सवय झाली की पुन्हा शोधावी लागत नाही.

शेणावरच्या दोन अगदी कॉमन मंडळींना ही शिवण नसते, त्यामुळे ती इथेच गळतात. एक सेप्सिड: काळी, चकचकीत, मुंगीसारख्या कमरेची, आणि बहुतेकींच्या पंखांच्या टोकाशी काळा ठिपका. बसल्या बसल्या पंख हलवत राहते. दुसरी छोटी शेणमाशी, स्फेरोसेरिड कुलातली: इवलीशी, गडद, आणि मागच्या पावलाचा पहिला पेर आखूड नि फुगलेला. नावात शेण असलं तरी आपल्या शेणमाशीशी तिचं जवळचं नातं नाही.

कुल ठरवण्याची खरी कसोटी

इथे थांबा आणि वेळ द्या. संपूर्ण ओळखीचा कणा हाच आहे. स्कॅथोफॅगिड, म्हणजे आपल्या शेणमाशीचं कुल, सिद्ध झालं की पुढचं काम थोडं उरतं. इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

पहिली जागा वक्षाची बाजू. माशी आडवी धरा. संतोलकाच्या खाली, मधल्या आणि मागच्या पायांच्या मुळांच्या वर एक छोटा फलक असतो, मेरॉन. त्यावर राठ केसांची उभी रांग असेल तर माशी मांसमाश्यांच्या किंवा टॅकिनिड (ज्यांच्या अळ्या दुसऱ्या कीटकांच्या अंगात वाढतात) कुलातली. आपल्या माशीत ही रांग नसते. मऊ लव आणि राठ केस यांत गल्लत करू नका. राठ केस जाड, ताठ असतो आणि त्याच्या मुळाशी गोल वाटीसारखा खळगा असतो. केस मोडून पडला तरी खळगा राहतो. "केस नाही" असं लिहिण्याआधी खळगा आहे का ते जरूर बघा. हाताळलेल्या जुन्या नमुन्यांत अर्धे केस गळालेले असतात आणि केवळ त्यामुळे चुकीचं कुल लिहिलं जातं.

त्याच बाजूला, मधल्या पायाच्या वरच्या मोठ्या फलकावर साधारणपणे एकच ठळक राठ केस असतो, वरच्या मागच्या कोपऱ्यात. दिसायला जवळच्या अँथोमायिड कुलात तिथे बहुधा दोन किंवा जास्त असतात.

दुसरी जागा पंखाचं मूळ. घरमाशीत पंखाच्या बुडाशी एक मोठा पांढुरका पडदा असतो, तो संतोलकाला झाकतो. आपल्या माशीत या पडद्याचा खालचा भाग इतका आक्रसलेला असतो की नुसती पट्टी उरते, आणि वरून पाहिलं तरी संतोलक उघडा दिसतो.

तिसरी जागा पंखाच्या शिरा. पंख पांढऱ्या कागदावर किंवा उजेडासमोर धरा. पंखाच्या मागच्या भागात मुळापासून निघणारी गुदशीर कडेपर्यंत पोचते का ते बघा. पोचत असेल तर माशी स्कॅथोफॅगिड किंवा अँथोमायिड. घरमाशीच्या कुलात ही शीर कडेच्या आधीच विरते. शीर शेवटी फिकट होत जाते, म्हणून कडेच्या अगदी जवळचा भाग जास्त मोठा करून बघा. त्याच पंखावर टोकाकडे जाणारी मधली लांब शीर आपल्या माशीत सरळ जाते. घरमाशीत ती टोकाजवळ ठसठशीत कोपर करून पुढे वळते. हे कोपर दहा पट भिंगातूनही दिसतं, आणि शेताशिवारात उभ्या उभ्या घरमाशी बाजूला काढायला ही सगळ्यात उपयोगी खूण आहे.

आता उरली अँथोमायिडशी ताटातूट. ही अवघड आहे, तज्ज्ञही इथे दोनदा बघतात. डोकं समोरून बघा. आपल्या माशीत नर असो वा मादी, दोन डोळ्यांच्या मध्ये कपाळाची रुंद पट्टी असते. अँथोमायिड नरांत बहुधा डोळे कपाळावर जवळजवळ टेकलेले असतात. माद्यांत मात्र दोन्हीकडे कपाळ रुंदच, तिथे ही खूण निकामी ठरते. मग कपाळाच्या मधल्या पट्ट्यावर एकमेकांना छेदणारी राठ केसांची जोडी शोधा. स्कॅथोफॅगिडमध्ये ती नसते, अँथोमायिड माद्यांत पुष्कळदा असते. शेवटी माशी उलटी करून वक्षाच्या मागच्या टोकाला असलेल्या छोट्या ढालीचा, म्हणजे स्क्युटेलमचा, खालचा भाग बघा. अँथोमायिडमध्ये तिथे बारीक फिकट केस असण्याची शक्यता मोठी, आपल्याकडे तो भाग उघडा. यातल्या एकाच खुणेवर विसंबू नका. तीन-चार खुणा एका बाजूला झुकल्या तरच कुलाचं नाव लिहा.

या टप्प्यावर तोंडही बघून घ्या. सोंड काळी, कडक, चकचकीत असते आणि तिच्या टोकाशी बारीक दात असतात. घरमाशीची सोंड मऊ स्पंजासारखी, द्रव टिपणारी. शिकार फोडायची तर स्पंज चालत नाही. रक्त पिणाऱ्या गोठ्यातल्या माश्यांची सोंडही कडक असते, पण ती सुईसारखी पुढे रोखलेली, त्यामुळे गोंधळ होत नाही. सोनेरी माशी दुसऱ्या माशीला पुढच्या पायांत घट्ट धरून बसलेली दिसली तर फोटो नक्की काढा. पुढच्या पायांच्या मांड्या, सोंडेचा कोन आणि अरिस्टा एकाच चौकटीत मिळतात.

नर की मादी

जातीकडे जाण्याआधी लिंग ठरवा, नाहीतर एका जातीच्या दोन जाती कराल. मी स्वतः हे केलं आहे. माझ्या पहिल्या पेटीत मोठ्या सोनेरी माश्या एका रांगेत आणि लहान, हिरवट-करड्या माश्या दुसऱ्या रांगेत होत्या, दोन वेगळ्या चिठ्ठ्यांखाली. कितीतरी दिवसांनी एका सकाळी पोवर सोनेरी माशी हिरवट माशीच्या पाठीवर बसलेली पाहिली, आणि जवळजवळ अर्धा तास ती जोडी सुटली नाही. तेव्हा दोन्ही रांगा एकाच चिठ्ठीखाली घ्याव्या लागल्या.

नर सोनेरी-पिवळा असतो आणि त्याच्या पुढच्या पायांवर नारिंगी-पिवळी दाट लव असते. मादी मळकट, हिरवट-तपकिरी झाक असलेली, पायांवर ती लव नाही. तरी रंगावर थांबू नका, उदराचं टोक बघा. नराचं टोक बोथट आणि खाली दुमडलेलं, कारण जननांगं तिथे आत वळवून ठेवलेली असतात. मादीचं टोक निमुळतं होत जातं.

लांबी साधारण ५ ते ११ मिलिमीटर, नर सहसा मोठा. पण हा पल्ला किती रुंद आहे बघा. अळीच्या वाट्याला शेण कमी आलं तर खुजा नर जन्मतो, मादीएवढा किंवा तिच्याहूनही लहान. म्हणून फुटपट्टीने जात ठरत नाही.

शेवटची पायरी: जात

स्कॅथोफॅगा प्रजातीत दिसायला सारख्या अशा बऱ्याच जाती आहेत. आता अरिस्टाकडे परत या. स्टर्कोरारियामध्ये अरिस्टाच्या मुळाकडच्या अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंनी बारीक केस असतात, पिसासारखे, आणि टोकाकडचा भाग उघडा असतो. फुर्काटा नावाच्या करड्या जातीत अरिस्टा जवळजवळ उघडा दिसतो. समोरून पाहिलं तर डोकं मध्ये येतं, म्हणून अरिस्टा बाजूने, उजळ पार्श्वभूमीवर बघा.

स्पर्शिकेचा तिसरा भाग काळा हवा. तो तांबूस-पिवळा असेल तर तुमच्या हातात प्रजातीतली दुसरी जात आहे. लालसर-तांबूस अंगाची स्किबालारिया अशीच नवख्यांना फसवते, कारण तीही शेणावर येते आणि तीही "पिवळी" वाटते. मग पंखावर या. पंखाच्या मध्याजवळ दोन लांब शिरांना जोडणारी छोटी आडवी शीर गडद असते आणि तिच्याभोवती थोडी सावली पसरलेली असते. ही खूण ताज्या, कोरड्या माशीतच नीट दिसते.

समुद्रकाठी कुजत्या शेवाळावर मिळालेली लवदार माशी असेल तर स्टर्कोरारिया लिहायची घाई नको. याच प्रजातीतल्या लिटोरिया आणि कॅलिडा या जाती तिथेच वाढतात.

एवढ्या सगळ्या खुणा जुळल्या की नाव पुरेशा भरवशाने लिहिता येतं. शंका उरली तर शेवटचा निवाडा नराच्या जननांगांवर होतो. उदराचं टोक मऊ करून, बारीक सुईने उलगडून, त्यातल्या पाकळ्यांचे आकार छापील आकृत्यांशी ताडून पाहतात. हे काम सरावाचं आहे. पहिले काही नमुने अनुभवी माणसाच्या शेजारी बसून करा, एकट्याने केले तर नमुना फुटतो.

शेणातली अंडी हा जोडपुरावा. ती पांढरी, लांबट असतात आणि वरच्या टोकाशी दोन पाकळ्या बाजूला पसरलेल्या असतात, त्यामुळे अंडं ओल्या शेणात बुडत नाही. भिंगातून हे फार सुंदर दिसतं. पण एवढ्यावरून जात ठरवू नका, दुसऱ्या माश्यांच्या अंड्यांनाही अशी व्यवस्था असते.

कधी कधी गवताच्या शेंड्याला पंख पसरून चिकटलेली मेलेली शेणमाशी सापडते, उदरावर पांढरट पट्टे. हा बुरशीचा रोग आहे. बुरशी माशीला मरण्यापूर्वी उंच जागी चढवते, म्हणजे बीजाणू दूरवर पडतात. असा नमुना आपल्या पेटीत बाकीच्यांबरोबर ठेवू नका, वेगळ्या डबीत ठेवा. उदर खराब झालेलं असलं तरी डोकं, वक्ष आणि पंख शाबूत असतात, त्यामुळे कुलापर्यंतची ओळख तरी व्यवस्थित होते.

चिठ्ठी लिहिताना जागा, तारीख, कोणत्या जनावराचं शेण आणि लिंग आधी लिहा. त्याखाली दिसलेल्या खुणा: मेरॉनवर रांग नाही, गुदशीर कडेपर्यंत, कपाळ रुंद, अरिस्टा अर्धा केसाळ, स्पर्शिका काळी, आडवी शीर गडद. नाव सगळ्यात खाली. एकटी मादी हाती असेल आणि अरिस्टा मोडलेला असेल, तर "स्कॅथोफॅगा, जात अनिश्चित" एवढंच लिहून चिठ्ठी टाचणीला लावा.